उलटं कलम

जुलैचा पहिला आठवडा होता. पडवीत गोणपाट अंथरून आम्ही दोघं बसलो होतो. समोर रायवळ आंब्याच्या रुजलेल्या कोयी, पंधरा दिवसांच्या, तांबूस लुसलुशीत पानांच्या. बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या हापूसच्या काड्या. काका पात्याने रोपाचा शेंडा उडवत, उरलेल्या खोडाला मधोमध उभी चीर देत, काडीचं बूड दोन्ही अंगांनी तासून पाचरीसारखं करत आणि चिरेत अलगद सरकवत. सालीला साल भिडली की वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. मी सरकारी रोपवाटिकेत एकोणतीस वर्षं हेच काम केलं आणि करवून घेतलं, तरी काकांचा हात माझ्यापेक्षा हलका होता.

काका बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, यहूदी. मी नगरकडचा ख्रिस्ती. नोकरीसाठी रायगड जिल्ह्यात आलो आणि इथलाच होऊन गेलो. आमची वाडी आणि त्यांची वाडी यांच्यात एक गडगा, दगडांचा बांध. त्या दिवशी काडी बसवता बसवता मला सहज आठवलं आणि मी म्हणालो, "काका, आमच्या पौलानेही कलमाचा दाखला दिलाय." पौल म्हणजे ख्रिस्ताचा संदेश गावोगाव नेणारा प्रेषित. त्याच्या रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय मला लहानपणापासून पाठ. पौल रोममधल्या यहूदी नसलेल्या ख्रिस्ती लोकांना सांगतो, की इस्राएलच्या जैतुनाच्या, म्हणजे ऑलिव्हच्या, काही फांद्या तोडल्या गेल्या आणि त्यांच्या जागी तू, रानजैतुनाची फांदी, बांधला गेलास. मुळाचा रस तुला मिळू लागला. तर त्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नकोस. तू मुळाला उचलून धरलेलं नाहीस, मुळाने तुला धरलंय.

काकांचा हात थांबला. "उलटं बांधलंय की रे त्याने. आपण मूळ रायवळाचं घेतो आणि वर हापूस चढवतो. चांगल्या झाडावर रानटी काडी कोण चढवेल? फळ रानटीच लागणार."

मी म्हटलं, पुढे तो स्वतःच कबूल करतो, की हे निसर्गाच्या रीतीविरुद्ध आहे.

काकांनी पट्टीची गाठ मारली. "मग त्याला ठाऊक होतं," म्हणाले आणि पुढची कोय उचलली.

यहूदी धर्म आणि ख्रिस्ती धर्म यांच्या नात्याबद्दल मी पुढे जे काही वाचलं, त्याच्या मुळाशी त्या पडवीतलं हे बोलणं आहे.

नगरला आमच्या घरी रोज रात्री जेवणाआधी उपासना असे. वडील शाळामास्तर. कंदिलाजवळ पवित्र शास्त्र धरून ते वाचायचे आणि आम्ही भावंडं पेंगत ऐकायचो. परूशी म्हणजे येशूच्या काळातला, नियमशास्त्र कसोशीने पाळणारा यहूदी पंथ. पण 'परूशी' हा शब्द मला आधी शिवी म्हणूनच कळला. कुणी दाखवायला एक आणि करायला एक असं वागलं की आई म्हणायची, "परूशीपणा नको." गुड फ्रायडेच्या प्रवचनात यहूदी यायचे ते ओरडणारा जमाव म्हणून. येशू यहूदी होता, त्याची आई यहूदी, बाराही शिष्य यहूदी, हे दर वर्षी वाचूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. येशू आमच्यातला आणि यहूदी ते पलीकडचे, अशीच माझी बालपणीची मांडणी होती. कोणी मुद्दाम शिकवली नव्हती. हवेतच होती ती.

इथे आल्यावर पहिल्याच वर्षी काकांनी एका शुक्रवारी संध्याकाळी जेवायला बोलावलं. सूर्य बुडायच्या आत काकूंनी टांगत्या काचेच्या हंडीत पाण्यावर तेल घालून वात पेटवली. यहूद्यांचा दिवस संध्याकाळी सुरू होतो, कारण उत्पत्तीच्या पुस्तकात 'संध्याकाळ झाली व सकाळ झाली' याच क्रमाने लिहिलंय. काकांनी टोपी घातली आणि प्याल्यावर आशीर्वाद म्हटला. प्याल्यात काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून केलेलं सरबत होतं. बेने इस्रायल घरांत द्राक्षारसाच्या जागी तेच असतं. मी एक घोट घेतला आणि जीभ थेट नगरच्या देवळात गेली. प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करायच्या विधीच्या, आदल्या रात्री आई मनुका भिजत घालायची आणि सकाळी मलमलीतून पिळून तो रस देवळात धाडायची. तोच गोडवा, तोच किंचित तुरटपणा. मग काकांनी भाकरीवर, जमिनीतून अन्न उपजवणाऱ्याचे आभार मानले, तुकडा मोडला, मिठात बुडवला आणि सगळ्यांना वाटला. येशूने त्या शेवटच्या रात्री 'भाकर घेतली, आशीर्वाद दिला, मोडली आणि त्यांना दिली' हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले होते. ते कुठून आले हे मात्र त्या जेवणाच्या पाटावर कळलं. वल्हांडणाचं, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या यहूदी सणाचं, आजचं भोजन जसं मांडलं जातं, त्याची रीत यरुशलेमचं मंदिर पडल्यानंतर घडली. तेव्हा शेवटचं भोजन हुबेहूब तसंच होतं असं म्हणता येणार नाही. पण भाकर मोडणारा हात यहूदी घरातच शिकलेला होता.

त्याच रात्री काकांनी प्रार्थनेत म्हटलं, "शेमा इस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद." हे इस्राएला, ऐक, परमेश्वर आपला देव, परमेश्वर एकच आहे. बेने इस्रायलांची परंपरा सांगते, की त्यांचे पूर्वज नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या बुडाल्या. पिढ्यानपिढ्या तेलाचे घाणे चालवले, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणू लागले. हिब्रू विसरली. मुलाची आठव्या दिवशी सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, खवल्यांचेच मासे आणि ही एक ओळ एवढं उरलं. संकटात, लग्नात, मरणात, सगळीकडे हीच एक ओळ म्हणायची.

घरी येऊन मी मार्काचं शुभवर्तमान काढलं. बारावा अध्याय. एक शास्त्री, म्हणजे नियमशास्त्राचा पंडित, येशूला विचारतो, सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती? येशू उत्तराची सुरुवात त्याच ओळीने करतो: हे इस्राएला, ऐक. मग देवावर आणि शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा. शास्त्री म्हणतो, गुरुजी, अगदी बरोबर बोललात. आणि येशू त्याला म्हणतो, तू देवाच्या राज्यापासून दूर नाहीस. दोन यहूदी माणसं शास्त्रावर बोलतायत आणि एकमेकांना दाद देतायत. मग हाच प्रसंग मी मत्तयात पाहिला, बाविसाव्या अध्यायात. मत्तय मार्कानंतर काही वर्षांनी लिहिलं गेलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात. तिथे प्रश्न विचारणारा येशूची परीक्षा पाहायला आलेला आहे. 'हे इस्राएला, ऐक' गेलं. दाद गेली. 'तू दूर नाहीस' हेही गेलं. दोन्ही पानं समोरासमोर ठेवून मी बराच वेळ बसलो. पुढची सगळी भांडणं, सगळं रक्त जिथून वाहिलं, त्याची पहिली बारीक चीर मला त्या दोन पानांमध्ये दिसली.

त्या चिरेचं कारणही समजून घ्यायला हवं. इ.स. ७० साली तीतसच्या रोमी सैन्याने यरुशलेमचं मंदिर जाळलं. वेदी गेली, यज्ञ गेले, याजकांना कामच उरलं नाही. मंदिर नसताना देवाची भक्ती करायची कशी, या प्रश्नाला दोन गटांकडे उत्तर होतं. परूशांच्या परंपरेतले रब्बी, म्हणजे यहूदी धर्मगुरू, योहानान बेन झक्काईंच्या मागे यावनेला जमलेले, म्हणाले की घरातलं जेवणाचं मेज हीच वेदी. अभ्यास, प्रार्थना आणि दानधर्म हेच अर्पण. येशूच्या अनुयायांनी म्हटलं, अर्पण एकदाच आणि कायमचं झालंय, क्रुसावर. आज आपण ज्याला यहूदी धर्म म्हणतो आणि ज्याला ख्रिस्ती धर्म म्हणतो, ती दोन्ही घरं त्याच एका जळक्या वाड्याच्या लाकडांनी उभी राहिली. म्हणून यहूदी धर्म आई आणि ख्रिस्ती धर्म लेक, ही नेहमीची उपमा मला पटत नाही. ही भावकी आहे. आणि भावकीतलं वैर कसं असतं ते मराठी माणसाला सांगायची गरज नाही. परक्याशी बांधाचा वाद होतो, भावाशी वाद होतो तो खरा वारस कोण यावर.

आणि मी ज्यांच्या नावाने लहानपणी शिव्या ऐकल्या ते परूशी! मेलेल्यांचं पुनरुत्थान होईल असं मानणारे तेच होते, सदूकी, म्हणजे याजकांचा पंथ, नव्हे. पौल स्वतः परूशी, गमलिएलाच्या पायाशी शिकलेला, आणि हे तो अभिमानाने सांगतो. काकांना मी एकदा सांगितलं, की आमच्यात परूशी म्हणजे ढोंगी. ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "आमचे रब्बी त्यांचेच वारस." मी तो शब्द तसा वापरणं त्या दिवशी सोडलं.

आमचा खरा वाद असायचा तो नियमशास्त्रावर, म्हणजे मोशेने दिलेल्या नियमांवर. लहानपणापासून माझ्या मनात बसलेलं, की नियमशास्त्र म्हणजे ओझं आणि ख्रिस्ताने त्यातून सोडवलं. आता कोकणात राहून कोळंबी न खाणारा माणूस म्हणजे काय, याचा विचार करा. कोळंबी नाही, खेकडे नाहीत, तिसऱ्या नाहीत, मुशी नाही. मटणाच्या रश्शात दूध-दही-तूप चालत नाही, म्हणून नारळाचं दूध. बाजारात कोळणीच्या पाटीपुढे काका वाकून बोय, रावस उलटून खवले बघायचे. मी विचारलं, "ओझं नाही वाटत?" तर म्हणाले, "पाटीत हात घालताना रोज देवाची आठवण होते. तुझी कधी होते?" मला उत्तर सुचलं नाही. आमच्याकडे प्रेषितांच्या कृत्यांत येशूचा शिष्य पेत्र याला आकाशातून उतरणारी चादर दिसते, सगळ्या प्राण्यांनी भरलेली, आणि 'मार आणि खा' असा आवाज येतो. यरुशलेमच्या सभेत ठरलं, की यहूदी नसलेल्यांवर सुंतेचं आणि पूर्ण नियमशास्त्राचं बंधन घालायचं नाही. तो निर्णय झाला नसता तर माझे नगरचे पूर्वज कधीच त्या देवळात शिरले नसते, हे मी जाणतो. पण त्या निर्णयाचा अर्थ 'तुम्हाला बंधन नाही' एवढाच होता. 'त्यांचं पाळणं आता फुकट' हे आम्ही मागाहून जोडलं.

काकांकडे हिब्रूचं जाडजूड शास्त्र होतं. एकदा त्यांनी शेवटचं पान उघडून दाखवलं. पुस्तकं तीच जी आमच्या प्रोटेस्टंट जुन्या करारात आहेत, पण क्रम वेगळा. आमचा जुना करार मलाखीवर संपतो: परमेश्वराच्या दिवसाआधी मी एलीया संदेष्ट्याला पाठवीन. पान उलटलं की मत्तयाची वंशावळ आणि येशूचा जन्म. म्हणजे सगळी जुनी पुस्तकं पुढच्या दाराकडे तोंड करून उभी केलेली. त्यांचं शास्त्र इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकावर संपतं, पारसाचा राजा कोरेश बंदिवानांना सोडतो तिथे. देवाच्या लोकांपैकी जो कोणी असेल, त्याने वर यरुशलेमला जावं. शेवटची क्रिया 'वर जाणं.' तोच शब्द पुढे इस्राएलला परतण्याचं नाव झाला, अलिया. काकांची दोन्ही मुलं तशीच 'वर' गेलेली, एक अश्दोदला आणि एक बेर्शेबाला. एकाच पुस्तकांच्या चळतीला दोन शेवट. त्या दिवशी घरी जाताना मला वाटलं, शास्त्रात काय लिहिलंय याच्याइतकंच, ते कुठे थांबवलंय यालाही महत्त्व आहे.

फारकत एका दिवसात झाली नाही. इ.स. १४४च्या सुमारास रोममध्ये मार्कियन नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाने म्हटलं, यहूद्यांचं शास्त्र टाकून द्या, तो देवच वेगळा. चर्चने त्यालाच बाहेर काढलं आणि जुना करार राखला. माझ्या दृष्टीने चर्चच्या इतिहासातला तो सर्वांत मोलाचा नकार. ३२५ साली निकीयाच्या सभेने पुनरुत्थानाचा सण यहूद्यांच्या पंचांगापासून तोडला. तरी ३८६-८७ साली अंत्युखियात योहान क्रिसोस्तोम या धर्मोपदेशकाला आपल्याच ख्रिस्ती लोकांवर एकामागून एक प्रवचनं झोडावी लागली, कारण ते सणावाराला सिनेगॉगमध्ये, यहूद्यांच्या प्रार्थनाघरात, जात, यहूद्यांबरोबर उपास धरत, शपथ घ्यायची तर तिथे जाऊन घेत. ती भाषा मला आज वाचवत नाही. पण त्यातून एक दिसतं: साध्या माणसांना साडेतीनशे वर्षांनंतरही हा गडगा ओलांडताना काही वाटत नव्हतं. गडगा वरून घातला गेला.

पुढच्या युरोपबद्दल मला थोडक्यातच लिहायचंय. १०९६च्या पहिल्या क्रुसेडला, म्हणजे धर्मयुद्धाला, निघालेल्या टोळ्यांनी वाटेत वर्म्स आणि माइन्झमधल्या यहूदी वस्त्या कापल्या. १२१५ साली यहूद्यांनी ओळखू येईल असा वेगळा पेहराव करावा असं चर्चच्या सभेने ठरवलं. १२९०ला इंग्लंडमधून, १४९२ला स्पेनमधून त्यांना घालवलं. स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर तेराव्या शतकातले दोन पुतळे आहेत. एक स्त्री म्हणजे चर्च, डोक्यावर मुकुट, हातात क्रूस, नजर ताठ. दुसरी म्हणजे सिनेगॉग: डोळ्यांवर पट्टी, मोडलेला भाला, हातातून निसटत्या आज्ञांच्या पाट्या. कारागीर मोठा असला पाहिजे, कारण ती हरलेली स्त्री जिंकलेलीपेक्षा जास्त सुंदर आहे. पण दर रविवारी तिच्याकडे बघत आत जाणाऱ्याने काय शिकायचं? कलम बांधल्यावर जोडाच्या खालून मुळाला फुटवा आला की आम्ही तो खुडून टाकतो, नाहीतर वरच्या काडीचा रस तो ओढतो. पौलाने ज्या मुळापुढे नम्र राहा म्हटलं होतं, त्या मुळाचा प्रत्येक फुटवा आम्ही हजार वर्षं खुडत राहिलो.

प्रोटेस्टंट म्हणून मला, आमच्या पंथाची सुरुवात करणाऱ्या ल्यूथरचं दुःख वेगळं आहे. १५२३ साली त्याने लिहिलं, येशू जन्माने यहूदी होता, त्यांच्याशी प्रेमाने वागा. यहूदी त्याच्या चर्चमध्ये आले नाहीत, तेव्हा १५४३ साली त्याच हाताने लिहिलं, त्यांची सिनेगॉगं जाळा. चारशे वर्षांनी नाझींनी ते पुस्तक मिरवलं. १९९४ साली अमेरिकेतल्या ल्यूथरन मंडळीने त्या लिखाणाचा जाहीर धिक्कार केला. आमच्या देवळात ल्यूथरच्या नावाचा गजर ऐकत मी वाढलो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगायला हवं होतं.

हे सगळं तिकडचं, असं म्हणून सुटकाही होत नाही. हापूस हे नाव अफोन्सो द अल्बुकर्कच्या नावावरून आलं असं मानतात. गोव्यात पोर्तुगीजांनी कलमांची कला वाढवली आणि माझी तर हयात त्यावर गेली. त्याच गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा वैद्य राहत होता. स्पेनमधून हाकललेल्या आणि पोर्तुगालात सक्तीने बाप्तिस्मा झालेल्या यहूदी घराण्यातला. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या ग्रंथात इथल्या वनस्पती आणि औषधं संवादांतून सांगितली आहेत. त्यात एक संवाद आंब्यावर आहे. इन्क्विझिशन, म्हणजे धर्म सोडल्याच्या संशयावरून शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, गोव्यात १५६० साली आलं होतं. ओर्ता १५६८ साली वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गुप्तपणे यहूदी धर्म पाळल्याबद्दल जाळलं. मग त्याच्यावरही तोच ठपका आला आणि १५८० साली त्याची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आंब्यावर इतक्या मायेने लिहिणाऱ्या माणसाची हाडं. हे मी वाचलं त्या वर्षी कलमं बांधताना माझा हात पुन्हा पुन्हा थांबत होता.

म्हणून त्याच किनाऱ्यावर, थोडं उत्तरेला, अडीचशे वर्षांनी जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. जॉन विल्सन हा स्कॉटिश मिशनरी १८२९ साली मुंबईत आला. बेने इस्रायलांना त्याने हिब्रू शिकवायला घेतली आणि १८३२ साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. अमेरिकन मिशनऱ्यांनी त्याआधीच शाळा काढल्या होत्या आणि त्यांत शिक्षक म्हणून कितीतरी बेने इस्रायल होते. मिशनऱ्यांचा हेतू लपलेला नव्हता: आपलं शास्त्र मराठीतून वाचलं की यांना ख्रिस्त दिसेल. त्यांनी वाचलं. मोजक्यांनीच बाप्तिस्मा घेतला. बाकीच्यांना त्या पानांत स्वतःचेच आजे-पणजे भेटले. दारफळणीच्या सणाला, म्हणजे दिवसभर दारं लावून उपास करायच्या दिवसाला, योम किप्पूर हे नाव परत मिळालं. १८७४ साली पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा छापली गेली, वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी. तिच्या चित्रांत बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी येशूची कीर्तनं रचली, तशी बेने इस्रायलांनी अब्राहाम, योसेफ आणि एलीयाची मराठी कीर्तनं उभी केली, टाळ-मृदंगासकट.

मला मिशनऱ्यांचा राग येत नाही. माझी आजी त्यांच्याच शाळेत अक्षर शिकली, नाहीतर गावकुसाबाहेरच राहिली असती. पण देवाची करणी बघा. जे भावाला आपल्या घरात ओढायला आले, त्यांनीच त्याचं हरवलेलं खातेपुस्तक त्याच्या हाती दिलं, त्याच्याच भाषेत. आणि इथे कोणी त्याला त्यासाठी जाळलं नाही. पौलाने लिहिलेलं कलम मला युरोपात कुठे जिवंत सापडलं नव्हतं. ते रेवदंड्याच्या आसपास सापडलं.

रोममध्ये ते पान पुन्हा उघडायला १९६५ साल उजाडलं. झ्यूल इझाक हे फ्रेंच इतिहासकार, त्यांची बायको आणि मुलगी नाझींनी मारली. उरलेलं आयुष्य त्यांनी, चर्चच्या शिकवणीत यहूद्यांबद्दलचा तिरस्कार कुठून आला हे शोधण्यात घालवलं, आणि जून १९६०मध्ये ते पोप तेविसाव्या जॉनना भेटले. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतला यहूद्यांसाठीचा 'अविश्वासू' हा शब्द पोपने आदल्याच वर्षी काढून टाकला होता. २८ ऑक्टोबर १९६५ला व्हॅटिकनच्या सभेचं जे निवेदन निघालं, त्यात येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सगळ्या यहूद्यांवर वा आजच्यांवर टाकता येणार नाही असं म्हटलं आणि आधाराला घेतलं तेच रोमकरांस पत्र, तेच जैतून, तीच रानफांदी. १३ एप्रिल १९८६ला दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि म्हणाले, तुम्ही आमचे थोरले भाऊ आहात. थोरला भाऊ. भावकीतलाच शब्द.

काका मात्र या सगळ्याकडे फार लक्ष देत नसत. त्यांच्या घरी काही शुभ झालं की मलिदा असायचा. ताटात भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, कडेला गुलाब. सगळ्यांनी मिळून एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं, गाणं म्हणायचं. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर त्याच्या रथाच्या चाकांची खूण आहे असं ते सांगतात. तिथून तो स्वर्गात गेला अशी कोकणातली श्रद्धा. आमच्या समजुतीत एलीया येऊन गेला, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या रूपाने. त्यांच्यात तो यायचाय. मी दर वेळी त्या ताटापुढे बसलो, गाणं म्हटलं आणि मलिदा खाल्ला. तो आलाय की यायचाय, हा वाद आम्ही त्या ताटावर कधी काढला नाही. मला आजही वाटतं, की येशू मशीहा आहे. काकांना वाटतं, नाही. एवढं मोठं अंतर कुठल्याही निवेदनाने बुजत नाही आणि बुजवायची मला घाईही नाही.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. गडग्याला लागून असलेलं काकांचं हापूसचं झाड जोडाच्या वरच मोडून पडलं. खाली हातभर बुंधा उरला. पावसाळा संपता संपता त्याला फुटवा आला, तांबूस, लुसलुशीत, रायवळाचा. मी पातं घेऊन गेलो, म्हटलं नवी काडी चढवू. काका म्हणाले, "राहू दे. मूळ आहे ते."

काकू त्याच हिवाळ्यात गेल्या. २०२२ साली काका मुलाकडे अश्दोदला गेले. वाडीची किल्ली माझ्याकडे. यंदा त्या फुटव्याला पहिल्यांदा फळ धरलं. लहान, धाग्याचा, पण रस असा की हातावरून कोपरापर्यंत ओघळ. मी फोन केला. किती लागले, विचारलं. सतरा, म्हटलं.

"कोयी टाकू नकोस," काका म्हणाले.

सतराही धुऊन पडवीत सावलीला ठेवल्यात. ओल्या फडक्याखाली.